नानांना पसंत पडेल अशी गाडी

नोकरीची शेवटची काही वर्षं मी अशी गाडी विकली, जी डोंगर चढते, ओढा ओलांडते, दगडगोट्यांवरून बकरीसारखी जाते. फक्त रस्त्यावर आणता येत नाही. म्हणजे रस्त्यावरही ती पळतेच, पण तिला आरटीओचा नंबर मिळत नाही आणि बिननंबरी गाडी रस्त्यावर दिसली की पोलीस हात दाखवतो. त्यामुळे धुळ्यात साक्री रोडवरच्या आमच्या शोरूममधून समोरच्या पेट्रोलपंपावर जायचं झालं, तरी तिला पिकअपमध्ये चढवून न्यावं लागे. गिऱ्हाइकाला बाकी सगळं मी मोठ्या आवाजात सांगायची. हे सांगताना मात्र आवाज आपोआप खाली यायचा.

एटीव्ही असं तिचं नाव. येणारे-जाणारे तिला चारचाकी फटफटी म्हणत, आणि ते नाव जास्त बरोबर आहे. मोटरसायकलसारखं हँडल, चार फुगीर टायर, घोड्यावर टाकतात तशी दोन्हीकडे पाय टाकून बैठक. गियर बदलायची भानगड नाही. उजव्या अंगठ्यानं एक खटका दाबायचा, की गाडी निघाली.

आमचं दुकान मुळात शेतीपंपाचं. मालक कांतीशेठ. त्यांचे आजोबा मारवाडातून धुळ्यात आले आणि दोऱ्या, पोहरे विकू लागले. वडिलांनी ऑइल इंजिनं विकली. शेठनी पाणबुडी मोटरी विकल्या. पुढे काय विकावं या विचारात असताना सुरतच्या एका प्रदर्शनात त्यांना ही गाडी दिसली आणि ते एजन्सी घेऊनच परतले. मी तेव्हा दुकानात बिलं करायची. उद्घाटनाला मांडव घातला, गाडीला हार घातला, नारळ फोडला आणि शेठ स्वतः गाडीवर बसले. अंगठा दाबला की गाडी पुढे जाते, हे त्यांना ठाऊक होतं. माणूस घाबरला की हातातली वस्तू आणखी घट्ट धरतो, अंगठ्यासकट, हे कोणी सांगितलं नव्हतं. गाडी मांडवाच्या खांबावर गेली आणि मांडव पाहुण्यांवर आला. कोणाला लागलं नाही, पण पेढे सगळे कापडाखाली गेले.

त्यानंतर शेठ पुन्हा त्या गाडीवर बसले नाहीत. आमचे मेकॅनिक सलीमभाई म्हणाले, "मी दुरुस्त करतो, मी बसत नाही." उरले मी. मी रोज स्कूटीवर कामाला येत होते, एवढ्या पात्रतेवर मला गिऱ्हाइकांना गाडी चालवून दाखवण्याचं काम मिळालं. चाळिशी उलटलेली, चष्मा लावणारी, साडीवर ओढणीसारखा रुमाल बांधलेली बाई मागच्या मैदानातल्या मुरमाच्या ढिगावर गाडी चढवून दाखवते, हे पाहून पुरुष गिऱ्हाइकाची दोन प्रकारे गोची होई. एक तर ही चढवते म्हणजे सोपं असणार, मग एवढी महाग कशी? आणि दुसरं, आता आपल्याला चढवता आली नाही तर?

या गाडीचं गिऱ्हाईक कोण, तर ज्याला डोंगर चढायचाय तो, असं मीही समजत होते. पहिली गाडी घेतली रावेरकडच्या एका आबांनी. केळीची मोठी बाग, जमीन हाताच्या तळव्यासारखी सपाट, ठिबकच्या नळ्या सरळ रेषेत. मी त्यांना म्हटलं, "आबा, बागेत फिरायला ही रुंद पडेल." ते म्हणाले, "तुम्ही बिल करा." गाडी बागेत नेली, दोन ओळींत अडकली, पानं फाटली, एक नळी तुटली. तेव्हापासून ती त्यांच्या पोर्चमध्ये आच्छादन घालून उभी आहे. लग्न ठरलं की नवरदेव तिच्यावर बसून फोटो काढतात. आबांची मात्र कधी तक्रार नाही. सर्व्हिसिंगला गेलो की सलीमभाई तिचं धूळ बसलेलं इंजिन सुरू करून दाखवतात, आबा मान डोलावतात, आम्ही जेवून परत येतो.

डोंगरासाठी ही गाडी निवडायची कशी, तेही सांगून ठेवते, कारण अजून लोक फोन करून विचारतात. नुसती ताकद पाहू नये. आधी आपली वाट पाहावी: सर्वात अरुंद जागा कुठे आहे आणि तिथे एका बाजूला काय आहे. गाडी अरुंद असेल तर वाटेत मावते, पण तिरक्या उतारावर कलंडते. रुंद असेल तर कलंडत नाही, पण मावत नाही. पोट जमिनीपासून उंच हवं, नाहीतर दगडावर बसतं. फार उंच झालं तर तोल जातो. चढायचं बळ सगळ्याच गाड्यांत असतं, उतरताना इंजिनानं गाडी धरून ठेवली पाहिजे. नुसत्या ब्रेकवर उतरणारा फार काळ उतरत नाही. आणि चालवणाऱ्यानं अंग झोकायला शिकलं पाहिजे; चढावर पुढे, उतारावर मागे. थोडक्यात, बिनखोटीची गाडी नसते. कोणती खोट आपल्याला चालेल ते ठरवायचं असतं.

हे शेवटचं वाक्य मी वरणगावच्या नानांना निदान दहादा ऐकवलं असेल. त्यांनी ते दर वेळी लक्षपूर्वक ऐकलं आणि पुढची खोट काढली.

नाना वरणगावच्या फॅक्टरीतून सुपरवायझर म्हणून निवृत्त झालेले. इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला पेन, पायात पॉलिश केलेले बूट. पहिल्यांदा आले तेव्हा बरोबर अक्का होत्या, त्यांच्या पत्नी. ठेंगण्या, सावळ्या, कपाळावर मोठं कुंकू, हातात कापडी पिशवी. अक्का दाराजवळच्या खुर्चीत बसल्या आणि नाना गाडीभोवती फिरू लागले. वाकून पाहिलं, टायर दाबून पाहिला, खिशातून रुमाल काढून साखळी कुठे आहे ते शोधलं आणि साखळी नाही हे कळल्यावर खूश झाले.

"मॅडम, आम्हांला पिंपळनेरच्या पुढे जायचं आहे. डोंगरावर जमीन आहे. डांबरी खाली संपते, वरती पायवाट. गाडी अशी पाहिजे की एकदा घेतली, की पुन्हा विचार नको."

मी वाट कशी आहे विचारलं. त्यांनी ती अशी सांगितली, की मला समोर दिसली. मध्ये एक खडक, त्याच्या डाव्या हाताला दरी, पुढे ओढा, मग तिरका उतार, मग झाडोरा. मी मनात म्हटलं, शेवटी आपल्याला खरं गिऱ्हाईक मिळालं. मी त्यांना मधल्या आकाराची गाडी दाखवली. त्यांनी खिशातला टेप काढून रुंदी मोजली.

"खडकाजवळ नाही मावणार," ते म्हणाले.

खरंच नसती मावली. चहा झाला, ते दोघं बसस्टँडकडे गेले.

महिन्याभरानं मी अरुंद गाडी मागवून ठेवली आणि फोन केला. दोघं आले. अक्का त्याच खुर्चीत. नाना म्हणाले, "ही तिरक्या उतारावर लोळेल." तेही खरं होतं. पुढच्या खेपेला मी त्यातल्या त्यात बसक्या बांध्याची दाखवली. "पोट दगडाला लागेल." त्यानंतर जास्त ताकदीची. "चढेल, पण उतरताना धरणार नाही." त्यांनी मागितलं तसं इंजिनानं धरणारी गाडी आली, तर ओढ्याच्या पाण्यात चाकांना फिरवणारा आतला पट्टा भिजून घसरेल. पट्ट्याला पाणी लागू नये म्हणून हवेची नळी उंच नेलेली गाडी दाखवली, तर पेट्रोलचं काय? पंप पिंपळनेरला आणि गाडी रस्त्यावरून पंपावर नेता येत नाही. मी म्हटलं, "कॅन आणायचा, नाना." ते म्हणाले, "कॅन कशावर आणायचा?"

त्यांची एकही शंका चुकीची नव्हती. मला त्यांचा राग येत नसे, उलट ते येणार म्हटलं की मी आदल्या दिवशी कंपनीच्या माणसाला फोन करून अभ्यास करून ठेवी. त्यांच्यामुळे मी हा धंदा शिकले, असं म्हटलं तरी चालेल. कांतीशेठ मात्र काचेच्या केबिनमधून पाहत आणि ते गेल्यावर म्हणत, "मीनाताई, हा माणूस गाडी घेणार नाही. हा परीक्षेला बसलाय."

"शेठ, त्यांना पाहिजे तशी गाडी मिळाली की घेतील."

"आणि मिळाली तर?"

या प्रश्नाचा अर्थ मला तेव्हा कळला नाही. मी हट्टाला पेटले होते. अक्कांकडे मात्र माझं फारसं लक्ष नसे. त्या कधी काही विचारत नसत. एकदा एवढंच म्हणाल्या होत्या, "तुमच्याकडचा चहा चांगला असतो." मला वाटे, बिचाऱ्या नवऱ्याच्या छंदापायी इतक्या लांबून एसटीत धक्के खात येतात. नानांच्या जमिनीचं त्यांना काय सोयरसुतक!

शेवटी नानांच्या सगळ्या अटी जुळवून मी एक गाडी मागवली. दोघांना बसता येईल अशी लांब बैठक, खडकाजवळ मावेल एवढीच रुंदी, उंच नळी, उतारावर इंजिनाचा धाक. नानांनी ती दोन तास पाहिली आणि म्हणाले, "शोरूममध्ये सगळ्याच चांगल्या दिसतात. प्रत्यक्ष जागेवर पाहिली पाहिजे."

"चला," मी म्हटलं. "जागेवर जाऊ."

नानांनी टेप खिशात घातला. मग म्हणाले, "पावसाळा संपू द्या." पावसाळा संपला. मग दिवाळी होऊ द्या. दिवाळी झाली. मग मीच दिवस ठरवला आणि फोनवर नाना काही बोलायच्या आत पलीकडून अक्कांचा आवाज आला, "येतो आम्ही."

पिकअप सलीमभाईंनी चालवली. मागे हौद्यात दोरांनी बांधलेली गाडी, पुढे नाना, मागच्या बाकावर मी आणि अक्का. धुळं सोडलं तसं नाना सलीमभाईंना इंजिनातलं काहीतरी समजावून सांगू लागले. साक्रीला आठवडे बाजार होता, म्हणून चहाला थांबलो. अक्का उतरून तडक बाजारात शिरल्या. वर्षभर माझ्या शोरूममध्ये मुकाट बसलेल्या या बाई एका मिरचीवालीसमोर उकिडव्या बसून अहिराणीत भाव करत म्हणत होत्या, "कितलाले शे व माय हाई? बठ्ठ्या आशाच पोचट शेतस का?" मिरचीवालीनं उलट काहीतरी ऐकवलं आणि दोघी मोठ्यानं हसल्या. अक्का परतल्या तेव्हा पिशवीत मिरच्या, लसूण, काडेपेटी आणि एक नवी केरसुणी होती. प्रात्यक्षिक पाहायला जाताना केरसुणी कशाला, ते मी विचारलं नाही.

पिंपळनेर मागे पडलं. समोर डोंगरांची रांग आली. अक्कांनी खिडकीतून बोट केलं.

"तो दखा. तो मना बाप ना डोंगर शे."

"तुमच्या वडिलांचा?" मी म्हटलं. "जमीन तुमच्या माहेरची आहे?"

"मग कोणाची?" त्या पुन्हा वरणगावच्या मराठीवर आल्या. "मी एकटीच मुलगी. बापानं माझ्या नावावर केली. घर आहे, विहीर आहे, आंबे आहेत. एक वाटेकरी पाहतो."

पुढच्या बाकावर नाना पट्ट्याविषयी बोलत होते, ते बोलायचे थांबले. मग पुन्हा सुरू झाले.

डांबर संपलं तिथे फळ्या लावून आम्ही गाडी खाली घेतली. नानांनी बुटांच्या नाड्या घट्ट केल्या, शर्टच्या बाह्या दुमडल्या आणि बसले. मी मागे बसले. खरं सांगते, ते उत्तम चालवत होते. अंगठा हलका, चढावर अंग पुढे. ते भीतीनं अडखळतील असं मला वाटलं होतं. तसं काही झालं नाही. पहिलं वळण आलं, तिथून पाहिलं तर वरची झाडं दिसत होती. नानांनी गाडी थांबवली.

"वास येतोय," ते म्हणाले. "पट्टा तापला."

मला वास येत नव्हता. आम्ही खाली आलो. सलीमभाईंनी हात लावून पाहिला, म्हणाले, "साहेब, कोमटसुद्धा नाही." नाना पुन्हा गेले, पुन्हा त्याच वळणावरून परतले. या वेळी हँडल डावीकडे ओढत होतं. सलीमभाईंनी हवा तपासली. बरोबर. तिसऱ्यांदा वारा फार होता. झाडाचं पान हलत नव्हतं. सलीमभाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि मी नानांकडे पाहिलं. नाना गाडीकडे पाहत होते.

अक्का दगडावर बसल्या होत्या. त्या उठल्या, पदर कमरेला खोचला आणि नवी केरसुणी गाडीच्या पुढच्या जाळीला बांधली.

"माले बसू द्या. दखू तरी, काय शे ते."

"अगं, तुला नाही जमणार," नाना म्हणाले. "ही लुना नाही."

अक्का कॉलनीत वर्षानुवर्षं लुनावर दळण आणत, हे मला तेव्हा कळलं. मी त्यांना खटका दाखवला, ब्रेक दाखवला, अंग कसं झोकायचं ते सांगितलं आणि मागे बसले. पहिल्या वळणापर्यंत त्यांनी मला चार वेळा देवाची आठवण करून दिली. त्यानंतर मी सांगायचं सोडून दिलं, कारण पुढची वाट मला माहीत नव्हती आणि त्यांना झोपेतही सापडली असती. खडकाजवळ त्यांनी गाडी थांबवून उजवीकडून घेतली. ओढ्यात एका ठिकाणी दगड घट्ट आहेत, तिथूनच घातली. इंजिन कण्हत होतं आणि अक्का त्याच्याशी अहिराणीत बोलत होत्या.

वर सपाटी होती. एका अंगाला पत्र्याचं नीटस घर, पुढे ओटा, दोन मोठे आंबे. अक्कांनी कंबरेची किल्ली काढली, कुलूप उघडलं, केरसुणी सोडली आणि आधी ओटा झाडला. मग विहिरीचं पाणी शेंदून मला दिलं आणि माझ्या शेजारी बसल्या.

"निवृत्त झालं की वर जाऊन राहू, असं म्हणाले होते. माझा बाप होता तेव्हा त्याच्यासमोर म्हणाले होते. मग म्हणाले, वर चढायला धड गाडी मिळाली की जाऊ."

मला सगळं एकदम उलगडलं आणि मी मूर्खासारखी म्हणाले, "म्हणजे त्यांना यायचंच नाही?"

"नाही."

"तुम्हांला कधी कळलं?"

"पहिल्या दिवशीच. टेप काढला तेव्हा. घरी भाजी आणतात तेव्हा कधी वांगं उलटून पाहत नाहीत."

"मग दर खेपेला कशाला येत होतात, अक्का? एवढ्या लांब?"

त्यांनी हसून पायाशी पडलेलं आंब्याचं पान उचललं. "धुळ्यापर्यंत तरी येणं व्हायचं ना. वरणगावहून निघालं की धुळं म्हणजे निम्म्याहून जास्त वाट झाली."

मी तिथे पाण्याचा तांब्या हातात धरून बसले. वर्षभर मी स्वतःला गाडी विकणारी समजत होते. नानांसाठी मी ढाल होते आणि अक्कांसाठी मधलं स्टेशन.

उतरताना मी त्यांना म्हटलं, मी चालवते. त्या म्हणाल्या, "नको. उतरताना धरते का नाही, ते मला सांगायचंय कोणाला तरी."

नाना आणि सलीमभाई पिकअपच्या सावलीत होते. अक्कांनी गाडी नेमकी नानांसमोर उभी केली आणि बंद केली.

"गाडीत काय खोट निघाली?" त्यांनी विचारलं.

"चढेल गं," नाना म्हणाले. "उतारावर..."

"मी उतरून आले."

नानांनी रुमाल काढून चष्मा पुसला. मी आणि सलीमभाई दोर गुंडाळायला पलीकडे गेलो, पण शब्द ऐकू येत होते. नाना हळू आवाजात म्हणाले, "तिकडे कॉलनीत मला सगळे ओळखतात. कोणाचा पंखा बंद पडला, कोणाला पेन्शनचं काही अडलं, की नाना. इथे वर मी कोण? तुझ्या गावात तुझा नवरा. जनावरं मला ओळखत नाहीत, पीक मला कळत नाही. दिवसभर करू काय मी?"

अक्का रागानं नाही, खरंच विचारल्यासारख्या बोलल्या.

"मंग मी तठे कॉलनीमा कोन व्हतू?"

परतीच्या वाटेवर साक्रीला चहालाही थांबलो नाही. शोरूममध्ये शेठनी विचारलं, "काय झालं?" मी म्हटलं, "गाडी उत्तम आहे." शेठ म्हणाले, "मी म्हटलं नव्हतं?" आणि केबिनमध्ये गेले.

उन्हाळ्याच्या तोंडाशी एक दिवस दारात अक्का उभ्या. एकट्या. खुर्चीत बसल्या नाहीत. त्यांनी नानांसाठी मागवलेल्या लांब बैठकीच्या गाडीकडे पाहिलंही नाही. कोपऱ्यातल्या सर्वात लहान गाडीजवळ गेल्या. एका माणसाची.

"ही कलंडली तर मला एकटीला उभी करता येईल?"

"येईल."

"मागं पोतं बांधता येईल?"

"एक. जास्त नाही."

"द्या."

मला राहवलं नाही. म्हटलं, "अक्का, हिच्यावर नाना कुठे बसतील?"

"ते अजून गाडी पसंत करतायत," अक्का म्हणाल्या. टेबलावरचा चहा निवायच्या आत त्यांची गाडी निवडून झाली होती. पैसे बापाच्या जमिनीच्या उत्पन्नातले होते, हे त्यांनी न विचारता सांगितलं.

शेठ खूश झाले. मी नव्हते. आयुष्यात पुष्कळ वस्तू विकल्या, न चालणाऱ्या मोटरीही विकल्या असतील, पण एका घराची दोन घरं व्हावीत अशी वस्तू आपण बिल करून दिली, हे मला लागून राहिलं. दोघांची गाडीच घ्या, असं मी जोर लावून म्हणायला हवं होतं का? पण गाडी कोणती घ्यावी हे ज्याचं त्यानं ठरवावं, असं मीच सगळ्यांना सांगत आले होते.

पावसाळा लागला. अक्का वर गेल्याचं कळलं. आणि मग नानांचे फोन सुरू झाले. "मॅडम, त्या छोट्या गाडीची काही तक्रार आली का?" नाही आली. पुढच्या आठवड्यात, "त्या मॉडेलचा क्लच कसा आहे? चिखलात त्रास देतो म्हणे." नाही देत. मग, "कंपनीकडे काही कळतं का, कुठे बंद पडलीय वगैरे?" एक दिवस मी म्हटलं, "नाना, वर मोबाइलला रेंज नाही. गाडी बरी आहे का ते जाऊनच पाहावं लागेल." मग ते म्हणाले, "सर्व्हिसिंग कधी आहे?"

"पाऊस उघडला की."

त्यानंतर फोन आला नाही.

पाऊस उघडल्यावर सलीमभाई आणि मी गेलो. पिकअप खाली लावून हत्यारांची पिशवी घेऊन पायी चढलो. सलीमभाई प्रत्येक वळणावर बसत होते आणि मला शिव्या देता येत नव्हत्या म्हणून डोंगराला देत होते. वर पोचलो तर ओट्यावर नाना. अंगात बनियन, पायात कोणाच्या तरी जुन्या चपला, हातावर ओरखडे. वाटेकऱ्याची बायको त्यांना भुईमुगाच्या शेंगा निवडायला शिकवत होती आणि म्हणत होती, "नही हो पाव्हना, हाई नही, ती!"

अक्का चुलीपाशी होत्या. मी आत गेले.

"नाना कधी आले?"

"तुम्ही फोनवर काही बोललात, त्याच्या दुसऱ्या दिवशी. खालपर्यंत एसटीनं, मग पायी. गाडी तर माझ्याकडे वर. मी ओट्यावरून पाहत होते. पांढरा शर्ट दिसायचा, मग दिसेनासा व्हायचा, मग पुन्हा दिसायचा. दुपार झाली वर यायला."

"आणायला का नाही गेलात गाडी घेऊन?"

"गेले असते तर म्हणाले असते, एकाच माणसाची आहे, कसा बसू? आणि परत गेले असते." त्यांनी भाकरी उलटली. "गुडघे सुजले होते. शेकून दिले. तेव्हापासून आहेत."

"राहणार आता?"

"मी विचारलं नाही. तुम्हीही विचारू नका."

मी विचारलं नाही. सलीमभाईंनी ऑइल बदललं, हवा पाहिली. नाना दोन पावलांवर उभे होते, पण वाकले नाहीत, काही मोजलं नाही. जेवताना त्यांनी मिरचीचा ठेचा दोनदा मागून घेतला. वाटेकरी आला आणि विहिरीच्या मोटरचा कुठलासा आवाज येतो म्हणाला. नाना हात धुऊन त्याच्याबरोबर गेले आणि बराच वेळ आले नाहीत.

दुपार कलायला लागली. अक्कांना खाली दुकानात जायचं होतं. मी आणि सलीमभाई पुढे निघालो, कारण आम्हांला वेळ लागणार होता. खालच्या डांबरीवर पोचून पिकअपला टेकून दम खात होतो, तेव्हा वरून गाडीचा आवाज आला. जरा वेळ चालू, मग बंद. मग पुन्हा सुरू. पुन्हा बंद. सलीमभाईंनी कान टवकारले आणि हत्यारांची पिशवी उचलली.

"ताई, बंद पडतेय गाडी. आत्ताच तर सर्व्हिसिंग केली."

मी डोळ्यांवर हात धरून वर पाहिलं. खडकाच्या वळणावर अक्का इंजिन बंद करून बसल्या होत्या आणि मागून खांद्याला अक्कांची कापडी पिशवी, काठी टेकत, बाजूच्या दगडांना धरत नाना उतरत होते. ते गाडीपाशी पोचले, थांबले नाहीत, पुढे गेले. ते पुढच्या वळणापाशी पोचेपर्यंत अक्का बसून राहिल्या. मग गाडी सुरू झाली.

"गाडीला काही झालेलं नाही, सलीमभाई," मी म्हटलं. "ठेवा पिशवी."